वर्दी उतरविणारा सेनापती

हा देश एकदा लष्कराच्या ताब्यात दिला पाहिजे, म्हणजे सगळे सुतासारखे सरळ होतील, असे बोलणारी माणसे आपल्याला जागोजागी भेटतात. एस.टी. स्टँडवर भेटतात, कोर्टाच्या आवारातील चहाच्या टपरीवर भेटतात आणि आपल्या वस्त्यांमध्येही भेटतात. भ्रष्टाचार, महागाई, निवडणुकीत वाटला जाणारा पैसा आणि न्यायालयात वर्षानुवर्षे पडणाऱ्या तारखा यांना विटलेला माणूस असे बोलतो. त्याचा राग खोटा नाही. परंतु तो जे औषध सुचवितो ते औषध आपल्या शेजारच्या एका देशाने घेऊन पाहिले आहे. तो देश बुद्धाचा आहे. १९५४ साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच देशाच्या राजधानीत, रंगूनला गेले होते. त्या ब्रह्मदेशाचे लष्कर ज्याने उभे केले आणि नंतर त्याच लष्कराची वर्दी ज्याने स्वतःच्या हाताने उतरवून ठेवली, त्या आंग सान यांचे जीवन आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आंग सान यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१५ रोजी मध्य ब्रह्मदेशातील नाटमाऊक या लहानशा गावी झाला. इंग्रजांनी १८८५ साली मंडालेचे राज्य घेतले तेव्हा त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलून मारल्या गेलेल्या एका पूर्वजाच्या कथा त्या घरात सांगितल्या जात. ब्रह्मदेश त्या वेळी हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तो १ एप्रिल १९३७ रोजी वेगळा झाला.

येथे एक गोष्ट आपल्या समाजाने मुद्दाम लक्षात घेतली पाहिजे. लढवय्या जाती आणि न लढवय्या जाती अशी जी फसवी विभागणी इंग्रजांनी केली, तिच्या आधारे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या पूर्वजांनी भीमा कोरेगावी रक्त सांडले ते एका फटकाऱ्यासरशी न लढवय्ये ठरले. सुभेदार रामजींच्या पिढीने ही जखम सोसली. ब्रह्मदेशातही हाच डाव खेळला गेला. तेथे डोंगरी भागातील करेन, काचिन आणि चिन यांची भरती झाली, आणि बहुसंख्य ब्रह्मी तरुणांना लष्कराची दारे जवळजवळ बंद राहिली. याचे दोन परिणाम झाले. ब्रह्मी तरुणांच्या मनात आपले स्वतःचे सैन्य असावे ही भूक तयार झाली, आणि करेन व ब्रह्मी यांच्यामध्ये बंदुकीची भिंत उभी राहिली. पुढच्या साऱ्या रक्तपाताचे बी येथे आहे.

आंग सान शिकले रंगून विद्यापीठात. अंगाने किरकोळ, कपड्यांची फिकीर नसलेला, फारसा मिसळून न वागणारा हा विद्यार्थी होता. विद्यार्थी संघाच्या मासिकाचे ते संपादक असताना १९३६ साली विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्यावर जळजळीत टीका करणारा निनावी लेख त्यात छापला गेला. लेखकाचे नाव सांगा, असा हुकूम झाला. आंग सान यांनी नाव सांगितले नाही. त्यांना काढून टाकण्यात आले, ऊ नू यांनाही काढण्यात आले, आणि त्यातून विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला. शेवटी विद्यापीठाला नमते घ्यावे लागले. पदवी घेऊन आंग सान यांनी कायद्याच्या वर्गात नाव घातले, परंतु १९३८ साली कायद्याचा अभ्यास सोडून ते थाकिन म्हणविणाऱ्या तरुणांच्या पक्षात गेले. थाकिन म्हणजे मालक, साहेब. ब्रह्मी माणसाने हा शब्द गोऱ्यांना लावायचा अशी रीत होती. या पोरांनी तो उचलून स्वतःच्या नावापुढे लावला. जोहार घालायला नकार देऊन ताठ मानेने जयभीम म्हणणाऱ्या आपल्या समाजाला या एका शब्दातील बंड वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९३८ आणि ३९ ही वर्षे प्रचंड अशांततेची होती. तेलखाणींच्या मजुरांनी संप करून रंगूनपर्यंत पायी मोर्चा काढला. शेतकरी आले, विद्यार्थी आले. पोलिसांच्या लाठीमारात एक विद्यार्थी मेला, मंडालेला सरकारी गोळीबारात सतरा माणसे पडली. त्याच १९३८ साली भारतीय मुसलमानांविरुद्ध दंगलीही झाल्या. सावकार आणि मजूर यांतला फरक न करता परक्या दिसणाऱ्यावर तुटून पडणारी ती अशांतता होती, आणि लोकांचा न्याय्य राग किती सहज आडवाटेला लावता येतो हे तेव्हाच दिसले होते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. मार्च १९४० मध्ये आंग सान काँग्रेसच्या रामगड अधिवेशनाला हिंदुस्थानात येऊन गेले. परत गेल्यावर त्यांच्यावर वॉरंट निघाले, आणि ऑगस्टमध्ये वेष पालटून, मालवाहू जहाजात बसून ते चीनमधील अमॉय बंदरात पोहोचले. तेथे जपान्यांनी त्यांना गाठले आणि टोकियोला नेले. इंग्रजाला घालवायचे तर शस्त्र पाहिजे, आणि शस्त्र द्यायला त्या घडीला जपान तयार होता. आंग सान यांनी गुपचूप परत येऊन निवडक तरुण बाहेर काढले. हायनान बेटावर जपान्यांनी त्यांना लष्करी शिक्षण दिले. इतिहासात हे तीस साथी म्हणून ओळखले जातात. यांच्यातच ने विन नावाचा एक तरुण होता. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

डिसेंबर १९४१ मध्ये बँकॉकला या तरुणांनी ब्रह्मदेश स्वातंत्र्य सेना स्थापन केली. जपानी फौजांबरोबर ती ब्रह्मदेशात शिरली. गावोगावचे तरुण तिला येऊन मिळाले, आणि त्यांच्याबरोबर लुटारू आणि गुंडही मिळाले. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात म्याउंगम्या येथे या सेनेने करेन लोकांची कत्तल केली. थाटोन भागात एका गावप्रमुखावर इंग्रजांना मदत केल्याचा आरोप आला, आणि आंग सान यांनी स्वतःच्या हाताने त्याच्यावर शस्त्र चालविले. पुढे १९४६ साली राजकीय विरोधकांनी हे प्रकरण बाहेर काढले, त्या गावप्रमुखाच्या विधवेने तक्रार केली, तेव्हा आंग सान यांनी आपली जबाबदारी नाकारली नाही. इंग्रज सरकारने राजकीय हिशेब मांडून त्यांच्यावर खटला भरला नाही.

आमचा वकिलीचा पेशा आहे. त्यामुळे या घटनेवरून आम्हाला हात झटकून पुढे जाता येत नाही. आरोप करणारा, निकाल देणारा आणि शिक्षा अमलात आणणारा एकच माणूस असेल तर त्याला न्याय म्हणता येत नाही, मग तो माणूस कितीही थोर असो. थोर पुरुषाच्या चरित्रातील असली पाने फाडून टाकायची सवय आपल्या देशाला आहे. बुद्धाचा अनुयायी ती पाने वाचतो. आंग सान यांच्या जीवनातील हे पान सांगते की बंदूक हातात आली की सज्जन माणसाचाही न्यायाधीश व्हायला एक क्षण पुरतो.

जपानने १९४३ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मदेशाला स्वातंत्र्य जाहीर केले. बा मॉ पंतप्रधान झाले, आंग सान युद्धमंत्री झाले, जपान्यांनी त्यांना मेजर जनरल केले. परंतु राज्य जपानी लष्कराचेच होते. सामान्य माणसाला जपानी शिपायाच्या थपडा खाव्या लागत, वेठीला धरले जाई, सयामच्या रेल्वेवर मजूर मरत होते. एक मालक जाऊन दुसरा आला होता. ऑगस्ट १९४४ मध्ये आंग सान, कम्युनिस्ट आणि समाजवादी यांनी गुप्तपणे फॅसिस्टविरोधी आघाडी बांधली. २७ मार्च १९४५ रोजी रंगूनमधून जपान्यांच्या देखत निरोप घेऊन बाहेर पडलेले ब्रह्मी सैन्य जपान्यांवरच उलटले. खेड्यापाड्यातले लोक त्यांच्याबरोबर होते. या तारखेचीही वाचकांनी नोंद घ्यावी.

आता या चरित्राचा गाभा येतो. युद्ध संपले. सप्टेंबर १९४५ मध्ये सिलोनमधील कँडी येथे लॉर्ड माउंटबॅटन यांच्याबरोबर बैठक झाली. आंग सान यांच्या सैनिकांचा काही भाग नव्या ब्रह्मी सैन्यात घ्यायचे ठरले. खुद्द आंग सान यांना डेप्युटी इन्स्पेक्टर जनरलचे पद देऊ करण्यात आले. वय तीस. ज्या सैन्याने त्यांना आपला बोजोक, म्हणजे सेनापती मानले होते, त्यातले सर्वांत वरचे ब्रह्मी पद समोर होते. त्यांनी ते नाकारले. राजकारण करायचे तर नागरिक म्हणून करायचे आणि शिपाई राहायचे तर राजकारण करायचे नाही, अशी निवड त्यांनी केली. त्यांनी लष्कर सोडले आणि ते फॅसिस्टविरोधी आघाडीचे नेते म्हणून लोकांपुढे गेले.

ही निवड साधी वाटते, पण वर्दी घालून राजकारण करणाऱ्याला मतदाराची गरज नसते. त्याला प्रश्न विचारला की तो प्रश्न देशद्रोह होतो. त्याचा विरोधक शत्रू ठरतो आणि शत्रूशी वाद घालायचा नसतो. ज्याने वर्दी काढली त्याला मात्र मते मागावी लागतात आणि हरण्याची तयारी ठेवावी लागते. आंग सान यांनी ती तयारी केली. सप्टेंबर १९४६ मध्ये रंगूनच्या पोलिसांनी संप केला, त्यात सरकारी नोकर, पोस्ट, रेल्वे असे एकेक खाते उतरले आणि कारभार ठप्प झाला. नव्या गव्हर्नरला आंग सान यांना बोलावून कार्यकारी मंडळात घ्यावे लागले. सत्तेच्या दारापर्यंत त्यांना कामगारांच्या आणि कारकुनांच्या संपाने नेले. तेथे रणगाड्याचे काम पडले नाही.

परंतु वर्दीचा मोह त्यांनीही पुरता सोडला नव्हता. सैन्यात ज्यांची सोय झाली नाही अशा जुन्या सैनिकांची त्यांनी एक स्वयंसेवक संघटना बांधली. गणवेश, कवायत आणि लपविलेली हत्यारे असे तिचे रूप होते. इंग्रजांवर दबाव ठेवायला ती उपयोगी पडली, पण त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच तिचा मोठा गट सरकारविरुद्ध बंड करून उठला. पक्षाच्या झेंड्याखाली हत्यारी पोरे पाळली की ती पुढे कुणाचे ऐकत नाहीत, हा धडा कोणत्याही सेनेच्या, कोणत्याही दलाच्या पुढाऱ्याने घ्यावा असा आहे.

जानेवारी १९४७ मध्ये आंग सान लंडनला गेले आणि २७ तारखेला पंतप्रधान ॲटली यांच्याबरोबर वर्षभरात स्वातंत्र्य देण्याचा करार घेऊन आले. लगोलग ते शान राज्यातील पांगलाँग या गावी पोहोचले. तेथे १२ फेब्रुवारीला शान, काचिन आणि चिन यांच्या प्रतिनिधींनी त्यांच्याबरोबर एकत्र राज्य करण्याच्या करारावर सही केली. डोंगरातल्या लोकांना अंतर्गत कारभाराचे स्वातंत्र्य मिळेल, हक्क समान राहतील, असा तो करार होता. करेन केवळ निरीक्षक म्हणून आले. म्याउंगम्याची कत्तल ते विसरले नव्हते. एप्रिलमध्ये घटना समितीची निवडणूक झाली. मुख्य करेन संघटनेने तिच्यावर बहिष्कार घातला, आणि आंग सान यांच्या आघाडीला प्रचंड बहुमत मिळाले.

मग सुरू झाले घटनेचे काम. आपल्याकडेही त्याच वर्षी घटना समिती बसली होती, आणि तिचे सल्लागार सर बी. एन. राव यांनीच ब्रह्मदेशाच्या घटनेच्या मसुद्यालाही साहाय्य केले. ब्रह्मदेशाचे कायदे सल्लागार ऊ चान टून त्यासाठी दिल्लीला आले होते. पुढे हेच चान टून जागतिक बौद्ध बंधुत्व संघाचे अध्यक्ष झाले. बी. एन. राव यांनी तयार केलेला मसुदा आपल्याकडे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आला आणि बाबासाहेबांनी त्याला जो आकार दिला तो आपण जाणतोच. एकाच वर्षी, एकाच जाणकाराच्या मदतीने दोन शेजारी देश आपले भवितव्य लिहीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा फरक अधिक टोचतो.

धर्माबाबत आंग सान यांची भूमिका आम्हा बौद्धांनी विशेष अभ्यासावी अशी आहे. ते जन्माने आणि मनाने बौद्ध होते. पण राज्याला धर्म असू नये असे त्यांचे मत होते. जानेवारी १९४६ मध्ये श्वेडगॉन पॅगोड्याच्या परिसरात आघाडीची मोठी परिषद भरली. तेथे त्यांनी भिक्खू संघाला राजकारणापासून दूर राहण्याची आणि बुद्धाच्या शिकवणुकीत शिरलेली भुताखेतांची, जादूटोण्याची घाण काढून टाकण्याची विनंती केली. बहुसंख्य बौद्धांच्या देशात, बौद्धांच्या सर्वांत पवित्र स्थळी उभे राहून हे सांगायला धाडस लागते. त्यांच्या मंत्रिमंडळात अब्दुल रझाक हे मुसलमान होते, मान बा खाइंग हे करेन होते, सॅम टुन हे शान सरदार होते.

हे सर्व १९ जुलै १९४७ च्या सकाळी दोन-चार मिनिटांत संपले. रंगूनच्या सचिवालयात कार्यकारी मंडळाची बैठक चालू होती. लष्करी पोशाखातील हत्यारबंद माणसे आत घुसली आणि त्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. आंग सान यांच्यासह मंडळाचे सात सदस्य गेले. रझाक गेले, खाइंग गेले, शान सरदार गेले. एक अधिकारी आणि एक अंगरक्षकही मारले गेले. आंग सान यांचे वय बत्तीस होते, आणि त्यांची धाकटी मुलगी सू ची दोन वर्षांची होती. माजी पंतप्रधान ऊ सॉ यांनी सत्तेच्या हव्यासातून हा कट केला होता. त्यांच्या टोळीला हत्यारे पुरविल्याबद्दल एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यालाही शिक्षा झाली. ऊ सॉ यांच्यावर खटला चालला, त्यांना बचावाची संधी मिळाली, अपील झाले, आणि मे १९४८ मध्ये त्यांना फाशी झाली. थाटोनच्या गावप्रमुखाला जे मिळाले नव्हते ते आंग सान यांच्या खुन्याला मिळाले. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाने तेवढी कायद्याची वाट नक्कीच चालली होती.

येथे एरवी चरित्र संपले असते. परंतु आंग सान यांना मृत्यूनंतरही नोकरीला जुंपण्यात आले.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. काही महिन्यांत कम्युनिस्ट उठले, स्वयंसेवक उठले, १९४९ च्या सुरुवातीला करेन उठले. करेन असलेल्या सरसेनापतीला दूर करण्यात आले आणि त्या जागी आला ने विन, तीस साथींपैकी एक. देश सावरण्यासाठी लष्कराला अधिकार आणि पैसा लागला, तो मिळत गेला. १९५८ साली सत्ताधारी आघाडी फुटली, तेव्हा पंतप्रधान ऊ नू यांनी स्वतःच कारभार लष्कराकडे दिला. टपरीवरची मागणी तेथे प्रत्यक्षात आली. लष्कराने काय केले? रंगूनचे रस्ते झाडून घेतले, भाव खाली आणले, हजेरीपट लावले. आणि शहरातल्या झोपड्या उठवून लाखाहून अधिक माणसे शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर नेऊन टाकली. वर्तमानपत्रांनी शिस्तीचे कौतुक केले. शिस्त लावायची वेळ येते तेव्हा बुलडोझर पहिल्यांदा कुणाच्या घरावर जातो, हे आपल्या वस्त्यांना कुणी शिकवायला नको.

१९६० साली निवडणूक झाली आणि लोकांनी ऊ नू यांना पुन्हा निवडून दिले. त्यांनी आंग सान यांचा विचार बाजूला ठेवून १९६१ मध्ये बौद्ध धर्माला राज्यधर्म करणारी घटनादुरुस्ती केली. ख्रिस्ती काचिन बिथरले. त्याच वर्षी काचिनांची सशस्त्र संघटना उभी राहिली. शान सरदार संघराज्याची मागणी करू लागले. लष्कराला निमित्त मिळाले. २ मार्च १९६२ च्या पहाटे ने विन याने सत्ता घेतली. पंतप्रधान तुरुंगात गेले, देशाचे सरन्यायाधीश तुरुंगात गेले. पहिले राष्ट्राध्यक्ष साव श्वे थाईक यांच्या घरावर धाड पडली, त्यात त्यांचा तरुण मुलगा मारला गेला, आणि ते स्वतः त्याच वर्षी कोठडीत वारले. पांगलाँगच्या करारातील हे मुख्य शान पुढारी होते.

त्यानंतर चार महिन्यांनी, ७ जुलैला रंगून विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे लष्कराने विद्यार्थी संघाची इमारत सुरुंग लावून उडवून दिली. १९३६ साली आंग सान यांनी संप लढविला तो या विद्यार्थी संघाच्या बळावर, आणि पुढे ते त्याचे अध्यक्षही झाले होते. आंग सान यांचे चित्र मात्र सरकारी कचेऱ्यांत, नोटांवर राहिले. ज्या माणसाने वर्दी उतरविली त्याला चित्रात वर्दी घालून टांगले गेले. १९८७ साली ने विन याने काही नोटा मोबदला न देता रातोरात रद्द केल्या. कष्टकऱ्यांची शिलकी पुंजी कागद झाली. त्या रद्द नोटांवरही आंग सान यांचाच चेहरा होता.

१९८८ साली लोक रस्त्यावर आले. विद्यार्थी, भिक्खू, परिचारिका, सगळे आले, आणि त्यांच्या हातात आंग सान यांचीच चित्रे होती. लष्कराने हजारो माणसे मारली. १९९० च्या निवडणुकीत सू ची यांचा पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला, पण सत्ता मिळाली नाही. २००७ साली भिक्खू भिक्षापात्र उपडे धरून चालले, म्हणजे लष्कराचे दान आम्हाला नको. त्यांच्यावरही लाठ्या आणि गोळ्या चालल्या. बौद्ध देशाच्या बौद्ध शिपायांनी चीवराची तमा बाळगली नाही.

मग २००८ ची घटना आली. संसदेत पंचवीस टक्के जागा लष्कराच्या, संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन मंत्रालये सरसेनापतीच्या हातात, आणि घटनेतील महत्त्वाची कलमे बदलायला पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक मते पाहिजेत. गणित साधे आहे. लष्कराच्या परवानगीवाचून काही बदलता येणार नाही. या घटनेतून वाट काढू पाहणारे वकील ऊ को नी हे मुसलमान होते, सू ची यांचे कायदेविषयक सल्लागार होते. २९ जानेवारी २०१७ रोजी रंगूनच्या विमानतळाबाहेर, नातू कडेवर असताना त्यांच्या डोक्यात गोळी घालण्यात आली. मारेकऱ्याच्या मागे धावणारा एक गरीब टॅक्सीचालकही मारला गेला. त्याच वर्षी लष्कराच्या मोहिमेमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या देशाबाहेर पळाले. डिसेंबर २०१९ मध्ये सू ची हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लष्कराच्या बाजूने उभ्या राहिल्या. वडिलांचे पुतळे डोंगरी राज्यांत उभारले जात होते आणि कारेन्नी तरुण त्यांना विरोध करून रबरी गोळ्या खात होते. पांगलाँगचा शब्द पाळा, पुतळा नंतर द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच लष्कराने सू ची यांना अटक केली आणि सत्ता घेतली. त्या वर्षी २७ मार्चला, सेना दिनाच्या संचलनाच्या दिवशी, शंभराहून अधिक निःशस्त्र माणसे मारली गेली. १९४५ साली जनता आणि सैनिक मिळून परक्या लष्कराविरुद्ध उठले होते, तोच हा दिवस.

आता आपल्याकडे वळू. आम्ही शिपायाच्या विरोधात एक अक्षरही लिहीत नाही. आपल्या घराघरांत पलटणीतल्या आजोबांची पेटी आहे, पदके आहेत. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांच्या प्रयत्नांमुळे, आणि ते स्वतः सुभेदाराचे पुत्र होते. लष्कराने आपल्या माणसाला भाकरी दिली, अक्षर दिले, मान वर करायला शिकविले. म्हणूनच लष्कराची जागा कोणती हे आपण इतरांपेक्षा अधिक स्पष्ट सांगू शकतो. आपल्या संविधानाच्या ५३ व्या कलमाने सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आणि त्याचा वापर कायद्याने बांधून टाकला. लष्कराचा प्रत्येक रुपया संसद मंजूर करते. दंगल आटोक्यात आणायला लष्कर बोलवावे लागले तर ते दंडाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून येते, कमीत कमी बळ वापरण्याचे बंधन त्याच्यावर असते, आणि काम झाले की ते छावणीत परत जाते. यातला प्रत्येक नियम रुक्ष दिसतो. ब्रह्मदेशाचा इतिहास वाचला म्हणजे कळते की या रुक्ष नियमांच्या आड आपली घरे सुरक्षित आहेत.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातील भक्तीचा धोका सांगितला होता. सामाजिक विषमता राहिली तर ज्यांना ती भोगावी लागते ते लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असाही इशारा दिला होता. ब्रह्मदेशाने दोन्ही गोष्टी केल्या. आंग सान यांची पूजा केली आणि त्यांनी डोंगरी जनतेला दिलेला समानतेचा शब्द मोडला. बौद्ध बहुसंख्य असल्याने तो देश वाचला नाही. बुद्धाचे नाव राज्याला दिले म्हणून करुणा आली नाही. करुणा आणि समता कायद्यात उतरवाव्या लागतात, आणि तो कायदा बंदुकीच्या वर ठेवावा लागतो.

पुढच्या वेळी टपरीवर कुणी देश लष्कराकडे द्या म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याची तक्रार नीट ऐका. रेशनची असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करा, अत्याचाराची असेल तर पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवा, नोंदवीत नसतील तर न्यायालयात या, पुढाऱ्याबद्दल असेल तर मतदारयादीत नाव आहे का ते पाहा. आणि मग त्याला तीस वर्षांच्या त्या सेनापतीची गोष्ट सांगा, ज्याला सैन्य मिळत होते आणि ज्याने मत मागणे पत्करले.